प्रेसनोट राहू द्या, आधी काउंटरवर जाऊन बसा

एका विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. ती सोलापूर विद्यापीठात जनसंज्ञापनाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचं म्हणणं असं, की जनसंपर्काच्या व्याख्या पाठ झाल्या, पण नोकरीच्या पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं हे कोणीच सांगत नाही. दुसरं, हे काम सोलापुरात राहून जमेल, की पुण्याची वाट धरावीच लागेल?

पुण्याचं शेवटी बोलतो. हुतात्मा एक्स्प्रेस रोज सकाळी सुटतेच, ती काही पळून जात नाही.

आधी माझी लायकी सांगतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते ठरवता येईल. मी पत्रकारिता शिकलेलो नाही. बी. कॉम. करून टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेबनीस म्हणून लागलो. अक्षर चांगलं होतं, म्हणून मालकांनी एक दिवस बोलावून सांगितलं, "उद्यापासून पेपरवाल्यांचं तू बघ." एवढ्यावर मी जनसंपर्क अधिकारी झालो. त्यानंतर एक रुग्णालय, दोन पतसंस्था, एक शिक्षणसंस्था असं करत आता पंचवीसेक वर्षं झाली. जे सांगतोय ते बहुतेक चुका करून आलेलं आहे.

पहिली चूक पहिल्याच प्रेसनोटमध्ये केली. कामगारांच्या दहावी पास झालेल्या मुलांचा सत्कार होता. लेटरहेडवर तीन पानं लिहिली आणि संध्याकाळी सायकलवर टांग टाकून एका दैनिकाच्या कचेरीत नेऊन दिली. सुरुवात अशी होती: 'येथील सुप्रसिद्ध टॉवेल उत्पादक संस्थेच्या वतीने संस्थेचे कर्तव्यदक्ष अध्यक्ष यांच्या शुभहस्ते व मान्यवरांच्या प्रमुख उपस्थितीत कामगारांच्या गुणवंत पाल्यांचा गुणगौरव सोहळा मोठ्या उत्साहात संपन्न झाला.' त्यानंतर दीपप्रज्वलन कोणी केलं, प्रास्ताविक कोणी केलं, सूत्रसंचालन कोणाचं आणि आभार कोणी मानले, हे दोन पानं भरून.

डेस्कवर एक वयस्कर उपसंपादक बसले होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तीन पानं वाचली आणि म्हणाले, "ही बातमी आहे का लग्नपत्रिका ओ?" मग एकेक प्रश्न. किती पोरं होती? माहीत नाही. पहिलं कोण आलं? एक मुलगी. टक्के किती? बघून सांगतो. तिची आई काय काम करते? आता आली का पंचाईत. त्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडं सरकवला. "लावा कारखान्यात. वॉचमनला तरी ठाऊक असेल."

वॉचमनला सगळं ठाऊक होतं. मुलीची आई आमच्याच शिलाई विभागात, टॉवेलच्या कडांना शिलाई मारायची. मुलगी दुपारी डबा घेऊन यायची आणि आईची सुट्टी होईपर्यंत गेटजवळच्या ओट्यावर अभ्यास करत बसायची. दुसऱ्या दिवशी छापलेल्या बातमीची सुरुवातच त्या ओट्यापासून झाली. चौदा ओळी, मुलीचा छोटा फोटो आणि अध्यक्षांचं नाव शेवटून दुसऱ्या ओळीत. सकाळी मालकांनी मला बोलावलं. चेहरा बघून वाटलं, गेली नोकरी. तेवढ्यात त्यांना व्यापाऱ्यांचे फोन यायला लागले, "शेठ, तुमच्याकडच्या पोरीचं वाचलं, छान वाटलं." तिसऱ्या फोननंतर त्यांनी मला चहा सांगितला.

माझ्या कारखान्याची बातमी माझ्याकडं नव्हती, वॉचमनकडं होती. आजही मी नव्या ठिकाणी गेलो की पहिले दोन दिवस केबिनमध्ये बसत नाही. गेटवर, काउंटरवर, ओपीडीच्या बाकावर, कॅन्टीनमध्ये बसतो. तुम्ही विचारलंत ना पहिल्या दिवशी काय करायचं, तर हेच.

प्रेसनोटच्या तांत्रिक गोष्टी पटकन उरकतो, कारण त्या महिनाभरात येतात. मजकूर युनिकोडमध्ये आणि थेट मेलच्या पोटात चिकटवा. पीडीएफ किंवा लेटरहेडचा फोटो पाठवलात तर डेस्कवरच्या माणसाला सगळं पुन्हा टाइप करावं लागतं, आणि रात्री आठ वाजता तो ते करत नाही. जुन्या श्रीलिपी फाँटमधली फाइल त्याच्या संगणकावर उघडली तर अक्षरांची खिचडी दिसते. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर छपाईत धूसर येतो. फोटोत कोण आहे ते डावीकडून क्रमानं लिहा. शक्य तेवढं संध्याकाळी पाचच्या आत पाठवा. आणि नावं, नावं, नावं. आपल्या गावात तेलुगू, कन्नड, उर्दू आडनावं मराठीत लिहायची असतात. 'यन्नम'चं 'येनम' झालं की त्या घरात ती बातमी कात्रण म्हणून राहत नाही, तक्रार म्हणून राहते. एकदा मी जुनी नोट कॉपी करून नवी केली आणि एका हयात विश्वस्तांच्या नावामागं 'कै.' तसंच राहून गेलं. ते स्वतः ऑफिसला आले आणि म्हणाले, "मी अजून आहे." त्यानंतर एकही नोट मोठ्यानं वाचल्याशिवाय मी पाठवलेली नाही.

गावाचं कॅलेंडरही पाठ पाहिजे. मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, नंदीध्वज, अक्षता सोहळा. त्या चार-पाच दिवसांत तुमच्या नव्या शाखेच्या उद्घाटनाला कोणी विचारत नाही, आणि विचारू नये. आषाढीला जिल्ह्यातला निम्मा वार्ताहर पंढरपुरात असतो. उलट यात्रेआधीच्या आठवड्यात चादरी-टॉवेलवाल्यांची गोष्ट घेऊन गेलात तर जागा मिळते, कारण यात्रेला आलेला पाहुणा सोलापुरी चादर घेतल्याशिवाय जात नाही.

आता मोठ्या गोष्टीकडं येतो. इतकी वर्षं लोकांनी मला 'बातमी छापून आणणारा' म्हणून ओळखलं. हे काम त्यातला छोटा हिस्सा आहे. संस्थेचं बोलणं बाहेर नेणं कोणालाही जमतं. बाहेरचं बोलणं आत नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवणं, तेही साहेबांना न आवडणारं, ही खरी नोकरी. हे मला कळलं त्या दिवसाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

दहा-बारा वर्षं झाली असतील. सोलापूरच्या पूर्व भागातली एक पतसंस्था. नाव सांगत नाही. ठेवीदार बहुतेक तेलुगू भाषक, यंत्रमागावर काम करणारे आणि विड्या वळणाऱ्या बाया. रोजचे वीस-तीस रुपये पिग्मी एजंटकडं द्यायचे आणि वर्षाअखेर उचलायचे, असा हिशेब. सकाळी साडेनऊला व्यवस्थापकांचा फोन आला, "लवकर या, रांग लागलीय." नावात साम्य असलेली दुसरी एक संस्था अडचणीत आल्याची बातमी आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर फिरली होती. वाचणाऱ्यानं नाव नीट वाचलं नाही, ऐकणाऱ्यानं तर वाचलंच नाही. मी पोचलो तेव्हा दीडशे-दोनशे माणसं होती. उन्हाळा. बायांनी पदर डोक्यावर घेतलेला, हातात पासबुकं. आणि संस्थेचं शटर अर्धं खाली.

ते अर्धं शटर बघून माझ्या पोटात गोळा आला. आतल्या लोकांना वाटत होतं, गर्दी आवरायला बरं. बाहेरच्याला त्याचा एकच अर्थ लागतो.

आत संचालकांची बैठक चालू होती. अध्यक्षांनी मसुदा तयारच ठेवला होता. 'संस्था भक्कम आहे, अफवांवर विश्वास ठेवू नये, अफवा पसरवणाऱ्यांवर कायदेशीर कारवाई करण्यात येईल, सर्व ठेवी विम्याने सुरक्षित आहेत.' हे छापून आणा म्हणाले, उद्या पहिल्या पानावर पाहिजे. मी म्हटलं, साहेब, उद्याचं पान उद्या. रांग आत्ता आहे. आणि विम्याचं वाक्य आधी काढा.

ते वाक्य खोटं होतं. ठेव विमा महामंडळाचं संरक्षण बँकांच्या ठेवींना असतं, सहकारी बँकाही त्यात येतात. तेव्हा मर्यादा १ लाख रुपये होती, फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख झाली. पण पतसंस्था त्या योजनेत येत नाहीत. एक संचालक म्हणाले, "लोकांना एवढं कुठं कळतंय?" मी म्हटलं, लोकांना नसेल कळत, पण त्या रांगेत एका बँकेतला शिपाई उभा आहे, त्याला कळतं. खरंच उभा होता. मी येताना त्याच्याशीच बोललो होतो.

मग व्यवस्थापकांना बाजूला घेऊन विचारलं, तिजोरीत आज रोख किती? ते गप्प. पुन्हा विचारलं. त्यांनी आकडा सांगितला आणि म्हणाले, बँकेतली आमची ठेव मोडली तर दुपारी तीनपर्यंत आणखी येईल. म्हणजे पैसे होते. फक्त सगळ्यांना एकाच वेळी देण्याइतके नव्हते, आणि कुठल्याच संस्थेकडं नसतात. अशा वेळी सांगायचं काय, ते तिथंच ठरलं.

आम्ही शटर पूर्ण वर घेतलं. बाकडी रस्त्यावर, सावलीत काढली. पाण्याचे दोन जार मागवले. पुठ्ठ्यावर मार्करनं मराठीत आणि तेलुगूत लिहिलं: आज सहा वाजेपर्यंत काउंटर चालू, छोट्या रकमा लगेच, त्याहून मोठ्या रकमांना आज टोकन आणि उद्या धनादेश. अडचणीत आलेली संस्था वेगळी आहे, तिचं पूर्ण नाव हे, आपलं पूर्ण नाव हे. बस. 'भक्कम' नाही, 'विश्वास ठेवा' नाही. 'विश्वास ठेवा' म्हणणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, हे बाजारात भाजी घेणाऱ्या बाईलाही ठाऊक असतं.

तरी रांग हलेना. ती हलवली एका शिपाई बाईंनी. वय साठीकडं, स्वतः आधी विड्या वळायच्या. त्या बाहेर गेल्या, रांगेतल्या एका म्हातारीचा हात धरला आणि म्हणाल्या, "कूर्चोंडी अम्मा, नीळ्ळु तागंडी." बसा आई, पाणी घ्या. मग तिचं पासबुक हातात घेऊन आकडा वाचून दाखवला आणि तिला थेट काउंटरवर नेलं. म्हातारी पैसे मोजत बाहेर आली. रांगेतल्या सगळ्यांनी ते पाहिलं. दुपारी पिग्मी एजंटांना बोलावून घेतलं. ते बिचारे लोकांच्या शिव्या खाऊन लपून बसले होते. त्यांना सगळा हिशेब समजावला, लपवण्यासारखं काही ठेवलं नाही, आणि त्यांच्या त्यांच्या गल्लीत परत पाठवलं. चारनंतर गर्दी विरळ व्हायला लागली. सहाला काउंटर बंद झालं तेव्हा रांगेत अकरा माणसं होती. त्यांनाही पैसे देऊनच शटर ओढलं.

इथं गोष्ट संपली असती तर मी आज भाषणं देत फिरलो असतो. पण एक गोष्ट मी जिंकू शकलो नाही. संस्थेचं एक मोठं कर्ज खरोखरच थकलं होतं. मी अध्यक्षांना म्हटलं होतं, हे आजच सांगून टाका, वसुली चालू आहे म्हणा, लोक समजून घेतात. ते म्हणाले, घरचं भांडण चव्हाट्यावर कशाला? मी जास्त ताणलं नाही. दमलो होतो, आणि दिवस निभावल्याचं समाधानही होतं. दुसऱ्या दिवशी एका वार्ताहरानं त्यांना थेट विचारलं, मोठं कर्ज थकलंय का? त्यांनी सांगितलं, "असं काहीही नाही." ते छापून आलं. तीनेक आठवड्यांनी त्याच दैनिकात, त्याच कर्जदाराच्या मालमत्तेच्या जप्तीची जाहीर नोटीस आली, कायद्यानं द्यावीच लागते ती. संस्थेच्या नावानं, चौकटीत.

या वेळी रांग लागली नाही. रांग लागली असती तर बरं झालं असतं. मुदत संपलेल्या ठेवी लोक मुकाट्यानं काढून न्यायला लागले. कोणी भांडलं नाही, कोणी विचारलं नाही. संस्था बुडाली नाही, पण तिचा व्याप वर्षभरात उतरला. अफवेनं जे झालं नाही ते एका खऱ्या वाटणाऱ्या खोट्या वाक्यानं केलं. त्यात माझाही हात आहे, कारण मी ताणलं नाही.

हे फक्त गल्लीतल्या संस्थांचं होतं असं समजू नका. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याच राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडं कॅडबरीच्या चॉकलेटात अळ्या सापडल्याच्या तक्रारी गेल्या. कंपनीचं पहिलं म्हणणं काय, तर कारखान्यात हे होणं शक्य नाही, दुकानदारानं माल नीट ठेवला नसणार. ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेलही. पण ज्या आईनं पोराच्या हातातून चॉकलेट काढून घेतलं तिला दोष कोणाचा हे नको होतं, पुढचं चॉकलेट देऊ का नको हे पाहिजे होतं. पुढं कंपनीनं दुकानदारांपर्यंत जाऊन साठवणुकीची मोहीम घेतली, २००४ च्या सुरुवातीला वेष्टन बदललं, अमिताभ बच्चन यांना आणलं. लोकांना बच्चन आठवतात. मला वेष्टन महत्त्वाचं वाटतं. वेष्टन बदललं नसतं तर बच्चनही काय करणार होते?

आणि तुमच्या अभ्यासक्रमातले आयव्ही ली, अमेरिकेतले जनसंपर्क सल्लागार. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात पडली, पन्नासहून अधिक माणसं गेली. अपघात दाबायचा हा त्या काळच्या रेल्वे कंपन्यांचा शिरस्ता. कंपनीचा सल्लागार असलेल्या लीनं उलट केलं. काय घडलं ते स्वतः लिहून वार्ताहरांच्या हातात दिलं आणि त्यांना घटनास्थळी न्यायची सोय केली. तो कागद पहिली प्रेसनोट मानतात. परीक्षेत एवढं लिहून मार्क मिळतात. पुढचंही वाचा. १९३४ साली याच लीची अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढं चौकशी झाली, कारण तो नाझी राजवटीतल्या एका मोठ्या जर्मन रसायन कंपनीला सल्ला देत होता. म्हणजे या धंद्याचा आद्यपुरुषही कोणाचं काम घ्यायचं या प्रश्नावर घसरला. तुम्हालाही तो प्रश्न येणार. सोलापुरात तो लवकर येतो, कारण गाव लहान आहे आणि संध्याकाळी पार्क चौकात सगळे एकमेकांना भेटतात.

साहेबांना नको ते सांगायचं कसं, हे परीक्षेच्या कुठल्या पेपरात विचारत नाहीत म्हणून सांगतो. चारचौघांत कधीच नाही. एकट्याला, सकाळी, पहिल्या चहाच्या वेळी. 'लोक म्हणतात' असं मोघम बोलायचं नाही. कोण, कुठं, कोणत्या शब्दांत म्हणालं ते सांगायचं, नाव सांगण्यासारखं नसेल तर प्रसंग सांगायचा. सोबत एक उपाय न्यायचा, तोही आज दुपारपर्यंत करता येईल असा. आणि बोलणं झालं की दोन ओळींचा मेल टाकून ठेवायचा. धमकी म्हणून नव्हे. सहा महिन्यांनी आपण काय सांगितलं होतं हे आपल्यालाच आठवत नाही. पतसंस्थेच्या वेळी मी तो मेल टाकला नव्हता.

भाषेचं थोडं बोललो, आणखी एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका रुग्णालयासाठी अक्कलकोट तालुक्यात मोतीबिंदू तपासणीचं शिबिर होतं. पत्रकं वाटली, पेपरला दिलं, फ्लेक्स लावले. पहिल्या गावात माणसं आली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दुपारी एका घराच्या कट्ट्यावर बसलेल्या आजीला आमच्या गाडीच्या ड्रायव्हरनं कन्नडमध्ये विचारलं, शिबिराला का नाही आलात? ती म्हणाली, मला मोतीबिंदू नाही, मला कण्णिन पोरे आहे. दोन्ही एकच! तिच्या भाषेत मोतीबिंदूला तसंच म्हणतात. पुढच्या गावाला दवंडीवाल्याला कन्नडमधून तोच शब्द वापरून दवंडी द्यायला सांगितलं. शाळेच्या व्हरांड्यात बसायला जागा उरली नाही. पुण्या-मुंबईच्या एजन्सीकडं कितीही पैसे असोत, हा शब्द त्यांच्याकडं नाही. तुमच्या आजूबाजूला तो रोज बोलला जातो. तेलुगू किंवा कन्नड, निदान कामापुरती शिकून घ्या. इंग्रजीचं जेवढं दडपण घेता त्याच्या निम्म्या कष्टात येईल.

रुग्णालयाचा विषय निघालाच आहे तर: रुग्णाचा फोटो लेखी संमतीशिवाय कुठंही जाता कामा नये, आणि 'शंभर टक्के बरे होण्याची हमी' असलं वाक्य डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलं तरी काढून टाका.

पत्रकारांशी संबंध कसे ठेवायचे, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण सगळे विचारतात. जेवण, भेटवस्तू, पाकीट. मी सुरुवातीच्या काळात दिवाळीला टॉवेलचे संच पाठवायचो, कारखान्याचाच माल. एका वार्ताहरानं तो परत पाठवला, चिठ्ठीसकट: 'उद्या तुमच्या कारखान्याच्या नाल्याबद्दल लिहायची वेळ आली तर हात पुसायला दुसरा टॉवेल लागेल.' मी रागावलो होतो. आता तो माझा मित्र आहे, आणि त्याच्या एका बातमीमुळं आमच्या रंगाच्या पाण्याची व्यवस्था झाली, जी मी दोन वर्षं मागत होतो. जागा विकत घ्यायची असेल तर जाहिरात विभागाकडं जा, पावती घ्या, आणि ती जाहिरात आहे हे दिसू द्या. बातमीच्या कपड्यात जाहिरात घालू नका. वार्ताहराला वर्षातून दहा वेळा तुमच्या कामाची नसलेली, पण त्याच्या कामाची माहिती द्या. कोणत्या गावात पाणी आलं नाही, कोणत्या शाळेत शिक्षक नाही. अकराव्यांदा तुमचा फोन तो उचलतो.

यशाचं मोजमाप एका परिच्छेदात आटोपतो, कारण यात फार राम नाही. कात्रणांची फाइल करून, कॉलमची उंची मोजून, जाहिरातीच्या दरानं गुणून 'एवढ्या लाखांची प्रसिद्धी फुकट मिळाली' असं साहेबांना दाखवायची पद्धत आहे. मीही दाखवली आहे. २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांत या धंद्यातल्या लोकांनीच सांगून टाकलं, की हा आकडा म्हणजे संवादाचं मोल नव्हे. त्यापेक्षा शिबिराला आलेल्या प्रत्येकाला केस पेपर काढताना एकच प्रश्न विचारायला सांगा: तुम्हाला कुठून कळलं? महिन्याभरात जे दिसेल ते पाहून पुढचा खर्च ठरवा. आमच्याकडं 'शेजारणीनं सांगितलं' या उत्तरानं सगळ्यांना मागं टाकलं होतं.

आता पुणे. जाहिरात संस्था, मोठे ब्रँड, परदेशी ग्राहक असं काम करायचं असेल तर जा, दोन-तीन वर्षं काढा, घाई आणि शिस्त दोन्ही शिकून याल. पण सोलापुरात काम नाही, हे खरं नाही. साखर कारखाने, सहकारी बँका, रुग्णालयं, शिक्षणसंस्था, डाळिंब आणि टॉवेल निर्यात करणारे, सगळ्यांना माणूस लागतो. फक्त 'जनसंपर्क अधिकारी पाहिजे' अशी जाहिरात ते देत नाहीत. 'जरा सोशल मीडिया बघायला पोरगं पाहिजे' असं म्हणतात. ते दार समजा, आत शिरा आणि आठवड्यात तक्रारींची वही हातात घ्या. सरकारी बाजूला माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची पदं निघतात, जिल्हा माहिती कार्यालयं त्यांचीच. एमपीएससीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

मुलाखतीला काय घेऊन जावं, असंही पुष्कळ जण विचारतात. प्रमाणपत्रं चालतील. प्रेसनोट कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून आणली असेल तर ती नको, 'उत्साहात संपन्न' हे शब्द आता यंत्रालाही पाठ झालेत. मी स्वतः उमेदवाराला एकच काम देतो. खाली जाऊन एक तासात या संस्थेबद्दल लोक काय बोलतात ते लिहून आणायचं. बरेच जण वीस मिनिटांत परत येतात आणि सांगतात, सगळं छान आहे सर. मागच्या वेळी एक मुलगी दीड तासानं आली. ओढणीवर चहा सांडलेला, हातात वहीची दोन फाटकी पानं. चहावाला, रिक्षा थांबा, लिफ्टमन, बाळंतीण बघायला आलेली दोन कुटुंबं, सगळ्यांशी बोलली होती. नऊ तक्रारी, प्रत्येकीपुढं कोण आणि कुठं. तिसरी तक्रार बाहेर लावलेल्या चौकशीच्या नंबरबद्दल होती: कोणी उचलत नाही.

तो नंबर माझा होता. तिथंच फोन काढून पाहिला, अकरा मिस्ड कॉल होते. तिला सोमवारपासून यायला सांगितलं आणि पहिला नंबर परत लावला.